फोनचा मराठी आवाज कथा वाचतो तेव्हा: सूर कुठे लागतो, कुठे सुटतो

फोनमधला मराठी वाचन-आवाज बातमी नीट वाचतो. पाककृती वाचतो, परिपत्रक वाचतो, वीजबिलावरची सूचनाही न अडखळता वाचतो. त्यालाच कथा वाचायला दिली की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर खटकायला लागतं. शब्द सगळे येतात, उच्चारही बरेचसे बरोबर असतात, पण कथेतली माणसं एकमेकांशी बोलताहेत असं काही वाटत नाही. आजीची कुरकुर आणि न्यायाधीशाचा निकाल एकाच सुरात ऐकू येतो. हे परीक्षण तेवढ्याच बाजूचं आहे: मराठी साहित्य ऐकायला हा आवाज कितपत चालतो, कुठे थोडी मेहनत घेऊन सुधारता येतो आणि कुठे सरळ पैसे मोजून माणसाचं वाचन घ्यावं.

परीक्षणात तीन प्रकार धरले आहेत. पहिला, अँड्रॉइड फोनमध्ये असलेला, एकदा मराठी भाषा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालणारा मोफत आवाज. दुसरा, ब्राउझरमधून किंवा ॲपमधून इंटरनेटवर चालणारा नव्या पद्धतीचा न्यूरल आवाज, म्हणजे माणसांच्या ध्वनिमुद्रित वाचनावरून शिकून तयार झालेला. तिसरा, वर्गणी भरून ऐकायची, माणसांनी वाचलेली श्राव्य पुस्तकं. कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत, कारण हे आवाज सतत बदलत असतात. खालच्या चाचण्या मात्र कुठल्याही आवाजावर पाच-दहा मिनिटांत करून बघता येतात, आणि तेच जास्त उपयोगाचं आहे.

मोजमाप कशाने करायचं, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे: काकू. आवाजाच्या बदलाने वाक्याचा अर्थ बदलणं म्हणजे काकू. भरताच्या नाट्यशास्त्रात काकूचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन प्रकार सांगितले आहेत, म्हणजे वाक्याचा सूर पुढे काहीतरी अपेक्षित ठेवतो की तिथेच मिटतो. शिवाय पाठ्याचे सहा अलंकार दिले आहेत: उच्च, दीप्त (अगदी उंच), मंद्र (खालचा), नीच (अगदी खालचा), द्रुत (जलद) आणि विलंबित (संथ). कुठला कधी वापरायचा तेही दिलं आहे. निराशा, अशक्तपणा, काळजी असेल तिथे मंद्र. भीती, थंडी, ताप असेल तिथे द्रुत. आजच्या यंत्राच्या आवाजाला हीच सहा नावं लावून बघितली तर त्याचं दुखणं लगेच कळतं. मोफत आवाजाकडे सहांपैकी एकही नाही. तो सगळं मधल्या पट्टीत वाचतो. न्यूरल आवाजाकडे थोडं उच्च आणि थोडं विलंबित आहे. मंद्र आणि नीच जवळपास कुठेच सापडत नाहीत, आणि मराठी कथेतलं अर्धं दुःख तिथेच असतं.

साकांक्ष-निराकांक्ष हा भेद तर रोज उपयोगी पडणारा आहे. “तू आलास म्हणून…” आणि “तू आलास म्हणून.” ही दोन वाक्यं आवाजाला द्या. पहिल्यात सूर हवेत राहायला हवा, दुसऱ्यात खाली टेकायला हवा. तीन टिंबं दिसली की मोफत आवाज बहुधा ती गाळतो किंवा पूर्णविरामासारखी धरतो, आणि अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं झाल्यासारखं ऐकू येतं. ज्या कथेत माणसं वाक्यं अर्धी सोडतात, तिथे एवढ्या एका कारणाने सगळा ताण निघून जातो.

आता मुख्य चाचणी. तिला एकच शब्द पुरतो: बरं. पुढची पाच वाक्यं टाइप करा आणि एकेक ऐका.

“बरं.”
“बरं, मग पुढे?”
“बरं झालं गेला ते.”
“उशीर करू नकोस बरं.”
“बरं बरं, कळलं.”

पहिल्यात मान्यता आहे, आणि मनाविरुद्धची मान्यता असेल तर शब्द आखूड होऊन खाली पडतो. दुसऱ्यात ‘बरं’ किंचित वर जाऊन तिथेच थांबतो, कारण ऐकणाऱ्याला पुढचं हवं आहे. तिसऱ्यात तो पूर्ण अर्थाचा शब्द आहे, आघात त्याच्यावरच. सुटकेचा निःश्वास की मनातला आकस, हे मात्र ‘गेला’वर आवाज कसा पडतो त्यावर ठरतं. चौथ्यात तो शेवटी, हलका, जवळजवळ गिळलेला असतो. त्यात ताकीद आहे आणि माया आहे. पाचव्यात दोन्ही ‘बरं’ घाईने येतात, दुसरा पहिल्यापेक्षा आखूड, आणि त्यात वैताग आहे.

मोफत आवाज पाचही ठिकाणी एकाच लांबीचा, एकाच उंचीचा ‘बरं’ म्हणतो. न्यूरल आवाज दुसरं आणि तिसरं बऱ्यापैकी म्हणतो, पाचवं अर्धमुर्धं जमतं, चौथ्यात हमखास घसरतो. तो शेवटच्या ‘बरं’वर जोर देतो, आणि आईची सूचना एकदम शाळेतल्या दटावणीसारखी होते. यावर एक साधा उपाय आहे. छापील मजकुरात अशा ‘बरं’च्या आधी स्वल्पविराम असेल तर आपल्या प्रतीत तो काढून टाका. विराम गेला की शब्द आधीच्या क्रियापदाला चिकटतो आणि जोर आपोआप कमी होतो. ‘हं’, ‘ना’, ‘हो’, ‘की’ या वाक्याच्या टोकाला येणाऱ्या सगळ्यांना हाच उपाय लागू पडतो. “ये की” आणि “ये, की” यांत एका चिन्हाने आर्जव जातं.

दुसरी चाचणी ‘म्हणे’ची. “ती आता मुंबईत असते म्हणे.” इथे ‘म्हणे’ ऐकीव माहिती सांगतो, आणि हलका, खालच्या पट्टीत यायला हवा. “म्हणे मला वेळ नव्हता!” इथे तोच शब्द सुरुवातीला आला आणि वाक्य चिडून केलेली नक्कल झालं, पुढचे तीन शब्द बोलणाऱ्याचे नाहीतच, ते दुसऱ्याच्या सुरात म्हणायचे आहेत. “आजी रोज पहाटे अभंग म्हणे.” असं जुन्या लिखाणात किंवा ओवीत आलं तर ते सरळ क्रियापद आहे. यंत्र तिन्ही ठिकाणी क्रियापदच वाचतं. पहिल्या वाक्यात त्याने फारसं बिघडत नाही. दुसऱ्यात सगळंच बिघडतं, कारण राग कुठल्याच शब्दात लिहिलेला नाही, तो शब्दांच्या क्रमात लिहिलेला आहे.

हा क्रम मराठीत फार काम करतो. “मोठा शहाणा आला” हे विधान होऊ शकतं. “आला मोठा शहाणा!” हे विधान होऊच शकत नाही. क्रियापद पुढे ओढलं की उपहास सुरू होतो: आला मोठा शहाणा, दिले त्याने पैसे, झाली तुझी मदत. असं वाक्य वाचताना ‘आला’ थोडा लांबतो, ‘मोठा’ वर चढतो आणि ‘शहाणा’ टाकून दिल्यासारखा येतो. न्यूरल आवाजाला उद्गारचिन्ह दिसतं आणि बऱ्याच आवाजांत त्याने सूर उत्साहाकडे झुकतो. मग “झाली तुझी मदत!” हे मनापासूनच्या आभारासारखं ऐकू येतं. गोष्ट नवी असेल आणि ती आपण पहिल्यांदाच ऐकत असू, तर इथे कथानकच चुकीचं कळतं. अशा वाक्यातलं उद्गारचिन्ह काढून पूर्णविराम द्यावा. आवाज सपाट होईल, पण खोटा आनंद तरी जाईल. चुकीच्या भावनेपेक्षा भावना नसलेला आवाज केव्हाही चांगला, कारण सपाट वाचनावर ऐकणारा स्वतःचा सूर चढवू शकतो. चुकीचा सूर आधी पुसावा लागतो.

प्रश्नांची गंमत वेगळी आहे. “तुम्ही काल का आलात?” याचे दोन अर्थ होतात. जोर ‘का’वर असेल तर कारण विचारलं आहे. जोर ‘काल’वर असेल आणि ‘का’ हलका असेल तर कालच आलात ना, एवढंच विचारलं आहे. कागदावर दोन्ही एकच. आधीच्या चार ओळी वाचलेला माणूस अचूक निवड करतो. यंत्र जवळजवळ नेहमी कारण विचारतं. “तू जेवलास?” यासारखा फक्त चिन्हाने झालेला प्रश्न न्यूरल आवाज बरोबर वर नेतो, मोफत आवाजाचं काही सांगता येत नाही. “कोण होता तो?”, “कुठे ठेवलंस?” यांत मराठी सूर शेवटी वर जात नाही; चढ ‘कोण’वर, ‘कुठे’वर असतो आणि पुढे उतार लागतो. काही आवाज प्रश्नचिन्ह दिसलं की डोळे मिटून शेवटचा शब्द वर नेतात. असा आवाज रहस्यकथेला लावू नये, पाचव्या मिनिटाला कान किटतात.

हे सगळं होतं का, याचं कारण कळलं की उपायही सुचतो. ही यंत्रणा मजकुराचे वाक्यावाक्याने तुकडे करते आणि सहसा एकेका तुकड्यापुरता सूर ठरवते. आधीच्या पानावर भांडण झालंय हे तिच्या हिशेबात येत नाही. दुसरं असं की मराठीत संवादाचा भाव सांगणारे शब्द बहुधा संवादानंतर येतात: “निघ इथून,” ती पुटपुटली. माणसाची नजर ओठांच्या काही शब्द पुढे असते, म्हणून तो ‘निघ’ म्हणायच्या आधीच पुटपुटायला लागतो. यंत्र ‘पुटपुटली’चा अर्थ आधीच्या शब्दांना सहसा लावत नाही, आणि ‘निघ इथून’ खणखणीत वाचून जातं. तिसरं कारण शिकवणीचं. असे आवाज प्रामुख्याने सरळ, स्पष्ट, निवेदकी वाचनाच्या नमुन्यांवर तयार होतात. रुसणं, टोमणा, लाडीगोडी हे त्यांच्या कानावर पडलेलंच नसतं.

म्हणूनच सर्वनामांचा खेळ त्यांच्या हाती लागत नाही. धाकट्या भावाला रोज ‘तू’ म्हणणारी बहीण एखाद्या दिवशी म्हणते, “आपण कशाला तसदी घेता?” ‘तू’चं ‘आपण’ झालं की मराठी वाचकाला धार जाणवते. यंत्र हे वाक्य लग्नपत्रिकेच्या अदबीने वाचतं. इथे चिन्हं बदलूनही काही होत नाही. नातेसंबंधांवर चालणारी कादंबरी यंत्राकडून ऐकायची असेल तर हे नुकसान धरूनच चालावं.

उच्चारांकडे वळू, कारण सुराआधी शब्द तरी ओळखू यायला हवा. ‘जग’ हा शब्द द्या. “जग फार मोठं आहे” यातला ज तालव्य (‘जीव’मधल्यासारखा), “मनासारखं जग” यातला दंततालव्य (‘जाड’मधल्यासारखा). ‘जरा’ थांब यातला आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’तला ज असेच वेगळे. मोफत आवाज एकच उच्चार धरून बसतो. दुसरी जागा ‘केलं’, ‘गेलं’, ‘कुठं’ यांच्या शेवटच्या अनुस्वाराची. तो अनुस्वार म्हणजे फक्त लांबलेला अ आहे, पण कच्चा आवाज तिथे न् किंवा म् काढतो. आजची बहुतेक कथा अशाच बोली रूपांत लिहिलेली असते, म्हणून ही एक चूक पानात तीस-चाळीस वेळा ऐकावी लागते. हा दोष असेल तर तो आवाज साहित्यासाठी बाद समजावा. दुरुस्तीचा मार्ग म्हणून ‘केलं’चं ‘केले’ करून टाकू नये. उच्चार सुधारेल, पण कथेतली बाई अचानक अग्रलेखाच्या भाषेत बोलायला लागेल.

जुन्या पुस्तकांत अडचण आणखी वाढते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ जोडले गेले. त्याआधीच्या छपाईत ‘केलें’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे व्युत्पत्तीचे अनुस्वार असतात. मराठी विकिस्रोतावर लेखनहक्क संपलेली पुस्तकं युनिकोडमध्ये मिळतात (भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात), पण त्यांतली बरीचशी मूळ छपाईबरहुकूम असतात. आवाज त्यातला प्रत्येक अनुस्वार इमानेइतबारे नाकातून वाचतो. शोधा-बदला करून ‘नाहीं’चं ‘नाही’, ‘केलें’चं ‘केले’ केलं की ऐकणं सुसह्य होतं. सरसकट सगळे अनुस्वार मात्र उडवू नयेत. ‘त्यांनी’चं ‘त्यानी’ होईल आणि ‘घरांत’ अनेक घरांबद्दल असेल तर अर्थ जाईल.

मजकूर तयार करण्याचा क्रम असा ठेवावा. सगळ्यात आधी लिपी तपासा. पीडीएफमधून चार ओळी उचलून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये टाका. तिथे रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर पुस्तक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे. आधी रूपांतरण करावं लागेल, नाहीतर आवाज काहीच धड वाचणार नाही. मग ऱ्य, ऱ्ह असलेले शब्द बघा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत. अर्धा ऱ टाइप करायच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. एकीत साध्या र आणि हलन्तापुढे अदृश्य जोडखूण असते, आणि काही आवाज तिथे अडखळतात. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरून शोधा-बदला केलं की हा अडथळा जातो.

नंतर संक्षेप. पत्ररूप कथेत “ती. बाबांस, सा. न. वि. वि.” असं आलं की प्रत्येक टिंबाला वाक्य संपल्यासारखा थांबा पडतो आणि पत्राची सगळी जवळीक पाच ठोकळ्यांत विखुरते. तीर्थरूप, साष्टांग नमस्कार विनंती विशेष, चिरंजीव, राजमान्य राजश्री असं पूर्ण लिहून टाका. मग अवग्रह. “आईऽऽ” यातली हाक मराठीत त्या दोन खुणांनी लांबते. बहुतेक आवाज त्या गाळतात. “आईईई” असं लिहून बघा. काही आवाज स्वर लांबवतात, काही तीन वेगळे ई म्हणतात. दुसरं झालं तर मूळच ठेवा. सगळ्यात शेवटी संवाद. एकाच परिच्छेदात तिघं बोलत असतील तर प्रत्येकाचं बोलणं नव्या परिच्छेदात न्या, म्हणजे निदान कुणाचं कुठे संपलं ते कळेल. हे सगळं आपल्या स्वतःच्या ऐकण्याच्या प्रतीपुरतं. लेखकाचा शब्द बदलू नये, चिन्ह आणि मांडणी एवढंच हाताळावं.

वेगही सुराचाच भाग आहे. मोफत आवाज ललित गद्यासाठी ०.८५ ते ०.९ पटीवर ठेवावा. त्याखाली नेलं तर शब्दांमधली जागा वाढण्याऐवजी स्वरच ताणले जातात आणि सगळी पात्रं झोपेत बोलू लागतात. यंत्राच्या आवाजात घरीच ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना एस.एस.एम.एल. ही, आवाजाला विराम, पट्टी, जोर सांगणाऱ्या खुणांची भाषा वापरता येते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती २००४ मध्ये प्रमाणित केली. तिच्यातली विरामाची खूण सगळ्यात भरवशाची. स्वल्पविरामाला २०० ते २५० मिलिसेकंद, वाक्याअखेर ५००, दृश्य बदलताना १२०० ते १५०० असं ठेवलं की कथा श्वास घ्यायला लागते. पट्टी बदलायची खूण जपून वापरा. दहा टक्क्यांपलीकडे गेलात की आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटतो. जोर देण्याची खूण अनेक न्यूरल आवाज मानतच नाहीत, ते आधी आवाजाच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

कवितेला यंत्राचा आवाज लावू नये असंच मत आहे, पण अभंगापुरता थोडा अपवाद करता येतो. मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं. छपाईत मात्र हे एका-दोन ओळींत दंड (।) घालून येतं. आवाज दंडापाशीच थांबतो, सहा-सहाचे तुकडे एकत्र धावतात आणि यमक कानाला लागतच नाही. प्रत्येक चरण वेगळ्या ओळीवर घेऊन पुढे स्वल्पविराम दिला की बरंच जमतं. कडव्याचा आकडा काढून टाका, नाहीतर “विठ्ठल” म्हणून झाल्यावर आवाज गंभीरपणे “एक” म्हणतो. वृत्तबद्ध कवितेत याहून खोल बिघाड आहे. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: चरणात बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असं चारदा. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळतो, यंत्रही तसंच शिकलेलं असतं. वृत्तात तो अ म्हणावा लागतो. तो गेला की बाराची अकरा, कधी दहा अक्षरं उरतात आणि चाल मोडते. मुक्तछंदात तर ओळ कुठे तुटते यातच अर्थ असतो, आणि बहुतेक ॲप विरामचिन्ह नसलेल्या ओळी जोडून सलग वाचतात. अभंगाला पाचपैकी दोन, वृत्ताला शून्य.

बोलीभाषेबद्दल थोडक्यात: वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी संवाद यंत्र प्रमाण मराठीच्या हेलात वाचतं. शब्द बोलीचे आणि हेल वाहिनीवरच्या निवेदकाचा, हे ऐकवत नाही.

एका वाचकवर्गासाठी मात्र वरची बरीचशी तक्रार गैरलागू आहे. दृष्टिहीन वाचक ई-स्पीक एनजीसारखा साधा, यांत्रिक आवाज एनव्हीडीए या मोफत स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर) भरभर लावून ऐकतात. त्यात मराठीही आहे. हा आवाज माणसासारखा नाही, पण दुप्पट-अडीचपट वेगातही व्यंजनं सुटी ऐकू येतात. त्याच वेगात न्यूरल आवाज गढूळ होतो. सराव झालेला कान सपाट आवाजातून थेट मजकूर घेतो आणि सूर स्वतः भरतो, छापील पान वाचणारा डोळा करतो तसंच. अशा वाचकाला भावनांनी भरलेला आवाज मध्ये मध्येच येतो. परीक्षणं लिहिताना हा वर्ग हमखास विसरला जातो, आणि रोज सगळ्यात जास्त वापर त्यांचाच असतो.

आता माणसांच्या वाचनाकडे. इथे सूर असतो, म्हणून चुकाही सुराच्याच असतात. पहिली, अतिअभिनय. पात्र रडायच्या आत वाचक रडायला लागतो. निवेदनाच्या वाक्यात भाव ओतला की संवादासाठी काही उरत नाही. चांगला वाचक निवेदन कोरडं ठेवतो आणि संवादात एक पायरी चढतो. दुसरी, पुरुष वाचकाने बायकांचे संवाद बारीक आवाजात म्हणणं. पट्टी न बदलता नुसती लय बदलली तरी पात्र वेगळं कळतं, अनुभवी अभिवाचक तेच करतात. तिसरी, गावाकडचं प्रत्येक पात्र एकाच ठोकळेबाज हेलात बोलतं, मग कथा कोल्हापूरची असो की चंद्रपूरची. चौथी, पार्श्वसंगीत. वाक्य संपल्यावरची शांतता हाही सूर आहे. तिथे सतार वाजली की लेखकाने ठेवलेली जागा बुजते.

एक दोष वाचकाचा नसून तांत्रिक आहे. श्राव्य पुस्तकांना आवाजाच्या पातळीची बंधनं असतात. एसीएक्स या श्राव्य पुस्तकांच्या मंचाच्या नियमांत (शून्य म्हणजे ध्वनिमुद्रणात मावणारी सर्वोच्च पातळी धरून) सरासरी पातळी −२३ ते −१८ डेसिबल, सर्वोच्च टोक −३ डेसिबल आणि मागचा गोंगाट −६० डेसिबलच्या खाली असं ठरलेलं आहे. रिक्षात किंवा लोकलमध्ये ऐकणाऱ्यासाठी हे आवश्यकच आहे. पण त्यामुळे कुजबुज आणि किंकाळी जवळपास सारख्याच मोठ्या ऐकू येतात. मग राग मोठ्या आवाजाने दाखवता येत नाही. तो श्वासाने, शब्द तोडण्याने, वेगाने दाखवावा लागतो. रंगमंचावरचे चांगले नट ध्वनिमुद्रणात कधी कधी फिके पडतात, त्यामागे हे एक कारण आहे. नभोवाणीवर श्रुतिका केलेले कलाकार मात्र इथे सहज रमतात, त्यांना ध्वनिक्षेपकाजवळ हळू बोलून राग आणायची सवय असते.

माणसाच्या वाचनाची खरी परीक्षा अवतरणचिन्ह नसलेल्या जागी होते. समजा मजकूर असा आहे: तिने दार लावलं. लावलं तर लावलं, कुणाला काय त्याचं. पहिलं वाक्य निवेदकाचं आहे, दुसरं तिच्या मनातलं, आणि मध्ये काहीही खूण नाही. चांगला वाचक पूर्णविरामापाशी अर्धा क्षण थांबतो, दुसरं वाक्य किंचित खाली आणि जलद घेतो, आणि ‘त्याचं’ मोकळं सोडतो. मध्यम वाचक दोन्ही निवेदनाच्या सुरात वाचतो, तिचा हट्ट नाहीसा होतो. वाईट वाचक दुसरं वाक्य मोठ्याने भांडल्यासारखं म्हणतो, आणि एकटी बाई रिकाम्या घरात कुणावर तरी ओरडते आहे असं चित्र उभं राहतं. मराठी कादंबरीत अशी वाक्यं पानोपानी असतात.

माहितीपर लेखन, प्रवासवर्णन, इतिहास, विचारप्रधान निबंध यांसाठी न्यूरल आवाज पाचपैकी साडेतीन गुणांचा आहे, आणि मजकूर साफ केला तर चारचा. आत्मचरित्रं चालतात, कारण तिथे एकच माणूस बोलतो. फक्त विनोदी अंगाने लिहिलेलं नसावं. कथा-कादंबरीला दोन. विनोदी लेखन आणि नाटक यंत्राकडून ऐकूच नये: विनोदात अर्धी जागा विरामाची असते, आणि नाटक एकाच आवाजात ऐकलं तर रंगसूचना कुठली आणि संवाद कुठला हेही कळत नाही. नाटकासाठी अनेक कलाकारांचं वाचन घ्या, प्रथमपुरुषी कादंबरीसाठी एकाच वाचकाचं.

वर्गणी भरण्याआधी नमुना ऐकायला मिळतो, पण तो पहिल्या प्रकरणाचा असतो, आणि पहिलं प्रकरण बहुधा वर्णनाचं असतं. वर्णन सगळेच बरं वाचतात. विनामूल्य चाचणीचे दिवस मिळत असतील तर पुस्तक मध्यावर उघडा आणि दोन माणसांचा संवाद शोधा. त्यात कुणी ‘बरं’, ‘म्हणे’, ‘हो ना’ असं काही म्हणतंय का बघा. डोळे मिटून दोन मिनिटं ऐका आणि ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ येण्याआधी कोण बोलतंय ते ओळखता येतं का, एवढंच तपासा. येत असेल तर महिन्याची वर्गणी भरा; वर्षाची भरण्याआधी आणखी दोन वेगळ्या वाचकांची पुस्तकं अशीच मधून ऐकून घ्या, कारण एकाच मंचावर एक वाचक उत्तम आणि दुसरा पाट्या टाकणारा असं सर्रास आढळतं.